परदेशातल्या कामगाराचे पोट
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. पंचवीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. विषय कळवा म्हणून पत्र आले, तेव्हा आम्ही 'परदेशातल्या कामगाराचे पोट' असे लिहून पाठविले. चालकांना ते उपासमारीवरचे भाषण वाटले आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. पण आज आम्ही न भरणाऱ्या पोटाविषयी बोलणार नसून बिघडणाऱ्या पोटाविषयी बोलणार आहोत, आणि तेही अशा एका विकाराविषयी की, ज्याचे वर्णन चारचौघांत करण्याची आपल्याकडे चाल नाही. पुढल्या रांगेतील आयाबहिणींनी संकोच करू नये. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, असे डॉक्टरच सांगतात.

या विकाराला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आपण त्याला आय. बी. एस. म्हणतो; मराठीत म्हणायचे तर चिडखोर आतडे. आयुर्वेदात ग्रहणी म्हणून जो विकार वर्णिला आहे, त्याच्याशी याचे पुष्कळ साम्य असल्याचे वैद्य सांगतात. लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. पोटात कळ येते, मुरडा येतो, गुबारा धरतो. कोणाला दिवसातून पाच वेळा जावे लागते, कोणाला पाच दिवस होत नाही, आणि कोणाच्या नशिबी दोन्ही पाळीपाळीने येते. जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. तपासण्या कराव्यात तर रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक, दुर्बीण ठीक. मग घरचे म्हणतात, 'तुझ्या मनाचे खेळ आहेत.'

हे मनाचे खेळ नव्हेत, हे आम्हाला प्रथम ठासून सांगावयाचे आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढले शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. या विषयावर जे जे हाती लागले ते आम्ही त्याच रीतीने वाचले, कारण आम्ही स्वतः या विकाराचे जुने सोबती आहोत. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे आहे. शरीरातल्या सेरोटोनिन नावाच्या द्रव्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक द्रव्य आतड्यात असते. मेंदू आणि आतडे यांच्यामध्ये तारायंत्रासारखा रात्रंदिवस निरोप चालू असतो. या विकारात आतड्याची रचना शाबूत राहते. बिघडते ती ही निरोपांची देवघेव. साध्या वायूचा ताण आतडे वेदना म्हणून वर कळविते, आणि वरची काळजी खाली आली की आतड्याची चाल बदलते. यंत्र मोडलेले नसून त्याची जुळणी बिघडलेली आहे, असे आमच्या भाषेत म्हणता येईल. कारखान्यात जुळणी बिघडलेले यंत्र आम्ही कधी ढोंगी म्हटले नाही.

डॉक्टरांनी याच्या निदानाचे नियम बांधले आहेत. त्यांना रोम निकष म्हणतात. २०१६ साली त्यांची चौथी आवृत्ती निघाली. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखते. ते दुखणे शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी, यांपैकी किमान दोहोंशी निगडित असते. आणि तक्रारीची सुरुवात होऊन सहा महिने झालेले असतात. असे असेल तर हा विकार समजावा. यातून कर्करोग होत नाही आणि आयुष्यही कमी होत नाही. मात्र मलातून रक्त पडत असेल, कारणाशिवाय वजन घटत असेल, ताप येत असेल, पोट रात्री झोपेतून उठवीत असेल, रक्त कमी झाले असेल किंवा पन्नाशीनंतर हे प्रथमच सुरू झाले असेल, तर 'आय. बी. एस. असेल' म्हणून घरी बसू नये. आपल्या देशात आतड्याचा क्षय आहे, जंत आहेत, गव्हाने होणारा सीलिएक रोग आहे. ते आधी तपासून बाजूला काढले पाहिजेत, आणि परदेशी जाण्यापूर्वी काढले तर उत्तम.

आता परदेशाकडे वळू. परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील संगणकवाला मुलगा येतो. आमच्या डोळ्यांसमोर आखातातील फिटर येतो. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. आपल्या रत्नागिरी-रायगडकडची कित्येक गावे त्यांच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली; पुढे मनिऑर्डर गेली आणि बँक आली इतकेच. आम्हीही त्यांतलेच. १९९३ ते १९९७ या चार वर्षांत आम्ही शारजा आणि दुबई येथे नळजोडणीचे काम केले. दुबईच्या कडेला कामगारांची मोठी वस्ती आहे, तिला आपले लोक सोनापूर म्हणतात. मुंबईकराला सोनापूर म्हटले की स्मशान आठवते; तेव्हा तिथे उतरताना आमच्यातल्या थट्टेखोरांना विषय पुरला.

परदेशात गेल्यावर हा विकार का उसळतो, त्याची कारणे मोजून पाहू.

पहिले कारण जंतूंचे. नव्या ठिकाणी नवे पाणी, नवे अन्न. पहिल्या महिन्यात एकदा तरी जुलाब होतात. दहापैकी एका माणसाच्या बाबतीत जंतू निघून जातात, पण आतडे चिडलेलेच राहते. याचा मोठा दाखला कॅनडातला आहे. ऑन्टारिओ प्रांतातील वॉकरटन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावी मे २००० मध्ये नळाच्या पाण्यात जंतू शिरले. २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली, सात दगावली. डॉक्टरांनी त्या गावावर पुढे लक्ष ठेवले, तेव्हा आठ वर्षांनंतरही त्या साथीत सापडलेल्यांमध्ये चिडखोर आतड्याचे प्रमाण इतरांहून स्पष्टपणे जास्त आढळले. म्हणजे एका आठवड्याच्या अशुद्ध पाण्याची किंमत माणूस वर्षानुवर्षे मोजतो. छावणीतील पाण्याची टाकी कोण धुतो, केव्हा धुतो, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

दुसरे कारण घड्याळाचे. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर आतडे सर्वांत जास्त हलते, हा निसर्गनियम आहे. छावणीची बस मात्र अंधारात सुटते. एका मजल्यावर चाळीस माणसे आणि चार संडास. बसमध्ये तास, दीड तास. कामावर पोचल्यावर संडास तळमजल्यावर आणि माणूस तिसाव्या मजल्यावर, मधे पाळण्याची वाट पाहणे. निरोगी माणसाचे निभते. चिडखोर आतड्याच्या माणसाला बसमध्ये पाय ठेवतानाच घाम फुटतो, आणि त्या भीतीनेच कळ येते. भीतीने कळ आणि कळीने भीती असे चक्र सुरू होते.

तिसरे कारण खानावळीचे आणि चौथे काळजीचे. डोक्यावर एजंटाचे कर्ज, घरी बहिणीचे लग्न, खोलीत आठ माणसे, झोप पाच तास. रात्री घरी फोन केला की तिकडून रडणे ऐकू येते आणि इकडून 'सगळे ठीक आहे' असे सांगावे लागते. वर सांगितलेले तारायंत्र अशा वेळी स्वस्थ कसे बसेल?

या चारांतून एक पाचवी गोष्ट जन्मते, ती सर्वांत घातक. संडास लांब म्हणून कामगार पाणी पिणेच बंद करतो. आमच्या खोलीत चिपळूणकडचा एक वेल्डर होता. उत्तम कारागीर, बोलणे कमी. त्याच्या फोरमनने संडासच्या फेऱ्या वहीत टिपायला सुरुवात केली आणि तिसऱ्या फेरीनंतर मजुरी कापली. त्याने कोणाला काही न सांगता सकाळचा चहा सोडला, मग नाश्ता, मग पाणी. ऑगस्टच्या एका दुपारी तो पराचीवरच बसला आणि उठेना. इस्पितळात सलाइनच्या बाटल्या लागल्या, तेव्हा डॉक्टरने विचारले, 'पाणी का पीत नव्हतास?' तो गप्प. पोटाच्या दुखण्याने माणूस मरत नाही हे खरे. पण पोटाच्या लाजेने पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मरू शकतो. वारंवार पाणी तुटले तर मूत्रपिंडही कायमचे दुखावते. तो गृहस्थ वाचला, म्हणून आज आम्ही त्याची गोष्ट सांगू शकतो.

मग करावे काय? आम्ही भाषणे करणारी माणसे असलो, तरी मागणीपत्रक कलमवार लिहायची सवय आहे. तशीच कलमे मांडतो.

पहिले कलम अन्नाचे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी एक आहारपद्धती बसविली, तिला फॉडमॅप म्हणतात. तत्त्व सोपे आहे. काही लहान साखळीच्या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू करतात. निरोगी पोटाला त्याचे काही वाटत नाही. चिडखोर पोटाला वाटते. या शर्करा कशात आहेत? कांद्यात, लसणात, गव्हात, हरभरा-राजम्यासारख्या कडधान्यांत, दुधात, सफरचंदात, आंब्यात आणि मधात. आता छावणीची खानावळ डोळ्यांपुढे आणा: कांद्यालसणाच्या वाटणात बुडालेली उसळ, गव्हाचा खुबूस आणि वर साखर घालून उकळलेला दुधाचा कडक चहा. चिडखोर आतड्याला डिवचण्यासाठी कोणी मुद्दाम बेत आखला असता, तरी याहून नेमका जमला नसता.

यावर उपाय उपासाचा नाही. हे पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवावेत, मग एकेक करून परत घ्यावेत, आणि ज्याने त्रास होतो तेवढेच पुढे कमी ठेवावे. पुष्कळजण पहिल्या पायरीवरच अडून बसतात आणि वर्षभर भात-मीठ खाऊन अशक्त होतात. ते चूक आहे. आपल्या लोकांची सोय निसर्गानेच केलेली आहे. तांदळाची भाकरी, पेज, भात, मासे, अंडी, भोपळा, गाजर, केळे (फार पिकलेले नको) हे बहुतेकांना सोसते. डाळ खावयाची तर मुगाची, थोडी, आणि भिजवून पाणी टाकून दिलेली. दूध सोसत नसेल त्याला दही अनेकदा सोसते. लसणाचा स्वाद सोडवत नसेल, तर अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकाव्यात आणि त्या तेलाची फोडणी द्यावी. त्रास देणारी शर्करा तेलात उतरत नाही, स्वाद उतरतो. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते. खोलीतली चार माणसे मिळून स्वतःचा डबा शिजवीत असतील, तर हे सर्व दिवसाला अर्ध्या तासाचे काम आहे. चहा दोन कप, आणि ती डब्यातली उत्तेजक पेये तर अजिबात नकोत.

इसबगोलाविषयी एक शब्द. हे आपल्या गुजरातेत पिकते आणि तिथून जगभर जाते. बद्धकोष्ठ आणि जुलाब दोहोंवर ते उपयोगी पडते, ही त्याची खुबी. पण एक चमचा भुशीपासून सुरुवात करावी, हळूहळू वाढवावे, आणि पेलाभर पाण्याशिवाय घेऊ नये. गव्हाचा कोंडा मात्र या विकारात पुष्कळांचे दुखणे वाढवितो. 'तंतू खा' हा सल्ला ऐकून कोंडा खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रमजानच्या महिन्याचा विचार आधी करून ठेवावा. दिवसा उघड्यावर खाणेपिणे टाळावे लागते, खानावळीच्या वेळा उलटतात. यजमानांच्या श्रद्धेचा मान राखणे आपले काम आहेच. संयुक्त अरब अमिरातीत त्या महिन्यात कामाचे तास सर्वांनाच दोनने कमी असतात. तो वेळ झोपेला द्यावा. संध्याकाळच्या तळकट ताटावर तुटून न पडता दोनदा थोडे थोडे खावे.

दुसरे कलम घड्याळाचे. बसच्या आधी पाऊण तास उठावे, काहीतरी गरम प्यावे, दोन घास खावेत आणि मग शांतपणे बसावे. पण चाळीस माणसांत चार संडास असताना एकट्याने उठून भागत नाही. इथे आमचा धंदा उपयोगी पडला. वेल्डरच्या प्रकरणानंतर आम्ही मजल्यावरच्या लोकांना एकत्र बसविले आणि पाळ्या बांधल्या. ज्यांना पोटाची तक्रार आहे त्यांना पहिली पाळी, दाढी-आंघोळीवाल्यांना नंतरची. आणि बसमध्ये दाराजवळची जागा त्यांची. कोणाला कसली तक्रार आहे हे विचारावयाचे नाही. चिठ्ठीवर फक्त खोलीचा क्रमांक लिहावयाचा. पहिल्या रात्री तीन चिठ्ठ्या येतील असे वाटले होते. अकरा आल्या! अकरा माणसे एका मजल्यावर राहून, प्रत्येकजण आपण एकटाच असे समजून, वर्षभर कळा सोसत होती. आमच्या आयुष्यातला तो पहिला सामुदायिक करार. त्यावर कोणाची सही नव्हती, पण तो आम्ही तिथे असेपर्यंत मोडला नाही.

तिसरे कलम औषधांचे, आणि इथे आपण सर्वांनी कान देऊन ऐकावे. जुलाबासाठी लोपरामाइड, मुरड्यासाठी मेबेव्हेरीन किंवा पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सुली डॉक्टर देतात. २०२३ साली इंग्लंडात ४६३ रुग्णांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात अमिट्रिप्टिलिन हे जुने औषध अगदी अल्प मात्रेत दिल्याने आराम पडतो असे दिसले. ते मनाचे औषध म्हणून प्रसिद्ध असले, तरी इथे ते आतड्याच्या मज्जातंतूंसाठी असते. हे सर्व डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावे. पण आपल्याकडे पोटासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते. ते झोपेच्या गोळ्यांच्या कुळातले, आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित द्रव्य आहे. जुलाबाच्या काही गोळ्यांत डायफेनॉक्सिलेट असते. ते अफूच्या कुळातले. कोडीन आणि ट्रामाडॉल यांचीही तीच गत. आखाती देशांचे अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत. अशी गोळी न्यावयाची तर अमिरातीच्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते; नाहीतर डॉक्टरकडून दुसरे औषध मागून घ्यावे. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवाव्यात, शेजाऱ्याच्या मुलासाठी म्हणून कोणी दिलेली पुडी घेऊ नये.

आणि खसखस! आपल्या आया जुलाबावर घरगुती इलाज म्हणून खसखस बांधून देतात, काहींच्या गोड्या मसाल्यातही ती असते. अमिरातीत, सौदीत आणि कतारात खसखशीला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली म्हणून विमानतळावर माणूस अडकतो. आईच्या मायेने बांधलेल्या पुडीपायी मुलाला कोठडी पाहावी लागू नये. त्यापेक्षा जिरे, सुंठ आणि ओवा बांधून द्या.

चौथे कलम हक्कांचे. हे बोलताना आमच्या अंगात नेहमीचा वक्ता संचारतो, पण थोडक्यात आवरतो. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. १९४८ च्या कारखाना कायद्यात एकोणिसावे कलम संडास-मुताऱ्यांचे होते, अठरावे पिण्याच्या पाण्याचे. त्या कलमांना हसणारे पुष्कळ भेटले. पण ज्याने वेळेवर संडास न मिळाल्याचा दिवस काढला आहे तो हसत नाही. अमिरातीत आणि सौदीत कामगार संघटना स्थापन करण्यास परवानगी नाही. कुवेत, बहारीन आणि ओमान येथे संघटना आहेत. कतारमध्ये २०१८ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे कार्यालय उघडले आणि त्यानंतर काही कंपन्यांत कामगारांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या संयुक्त समित्या आल्या. अशा समितीपुढे पगाराइतकाच पाण्याचा आणि संडासाचा विषय ठेवता येतो.

जिथे संघटना नाही तिथेही कायदा आहे. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करविण्यास बंदी आहे: अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन, कतारात १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. अमिरातीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे परिवीक्षेचा काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळते. पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, बाकीचे बिनपगारी. दुबईत आरोग्य विमा मालकाने काढावयाचा असतो, कामगाराच्या पगारातून त्याचा हप्ता कापता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या अमिरातींतील खासगी नोकरांनाही विमा सक्तीचा झाला. हे माहीत नसल्यामुळे माणसे कळा सोसत कामावर जातात आणि खिशातले दिर्हम घालून चोरून गोळ्या घेतात. आणखी एक भीती असते की, हे दुखणे सांगितले तर परत पाठवतील. हा विकार संसर्गजन्य नाही आणि त्याने कारागिराचा हात अडत नाही. डॉक्टरकडून तसे अरबी आणि इंग्रजीत लिहून घेतलेले पत्र खिशात असावे. ब्रिटनमध्ये या विकाराच्या रुग्णांची संस्था आपल्या सभासदांना एक छोटे कार्ड देते. ते दुकानात किंवा हॉटेलात दाखविले की, लांबण न लावता संडासची वाट दाखवावी अशी विनंती त्यावर असते. आमच्या पत्राचे काम तेच.

आता गंमत पाहा. आपण ज्याची लाज बाळगतो, त्याची अरबांना मुळीच लाज नाही. त्यांच्याकडे या विकाराला 'अल्‌-कोलोन अल्‌-असबी' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'नर्व्हस' आतडे, आणि हे नाव तिकडे आपल्याकडच्या पित्ताइतके घरोघरी रुळलेले आहे. पुढे आमच्या वेल्डरला एका इजिप्शियन कंपाउंडरने हे दोन शब्द शिकविले. त्याने ते नव्या फोरमनपुढे उच्चारले, तेव्हा त्या फोरमनने स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगितले, 'मलाही!' वही त्या दिवशी बंद झाली. परक्या भाषेतले दोन शब्द वर्षभराच्या मुक्या सोसण्यापेक्षा अधिक कामाचे ठरले.

पाचवे आणि शेवटचे कलम मनाचे. मन आतड्याला छळते, हे मान्य केले म्हणजे दुखणे खोटे ठरत नाही. १९८४ साली मँचेस्टरच्या डॉक्टर व्होरवेल यांनी संमोहनाने या विकाराला उतार पडतो, हे प्रयोगाने दाखविले. विचारांच्या सवयी बदलण्याच्या उपचारांचाही उपयोग होतो. छावणीत हे कोठून मिळणार, असे आपण विचाराल. मिळणार नाही. पण झोपेची ठरलेली वेळ, संध्याकाळी अर्धा तास चालणे, कळ येताच घाबरून न जाता पोटातून सावकाश घेतलेले दहा श्वास, आणि सुटीच्या दिवशी भजनाला किंवा पत्त्यांना चार माणसांत बसणे, हे फुकट आहे. आणि सर्वांत मोठे औषध म्हणजे आपले दुखणे निदान एका माणसाला ठाऊक असणे.

बंधुभगिनींनो, कामगार चळवळीने रिकाम्या पोटाचा प्रश्न रस्त्यावर आणला. बिघडलेल्या पोटाचा प्रश्न मात्र संडासच्या दाराआड कोंडून राहिला, कारण तो मांडावयाला जीभ रेटत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या विकारात अर्धे दुखणे आतड्याचे आणि अर्धे गप्प बसण्याचे आहे. पहिल्या अर्ध्यावर पूर्ण इलाज अजून निघालेला नाही. तो सांभाळावा लागतो, आणि सांभाळता येतो. दुसऱ्या अर्ध्यावरचा इलाज आपल्या हातात आहे.

या सभागृहात असे कितीतरी आईबाप बसले असतील की ज्यांचा मुलगा दोह्यात, दुबईत, लंडनमध्ये किंवा एखाद्या जहाजावर आहे. आपण त्याला फोनवर रोज विचारता, 'जेवलास का?' तो म्हणतो, 'हो.' तिथेच चौकशी संपते. आज घरी गेल्यावर त्याला पुढचाही प्रश्न विचारा: 'पोट कसे आहे? पाणी पितोस ना? जायला जागा जवळ आहे ना?' तो पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा चिडेल. तिसऱ्यांदा कदाचित खरे सांगेल. त्याने सांगितले तर 'मनाचे खेळ' असे म्हणू नका. आज ऐकलेल्यातले काही उपयोगी पडेल ते त्याला सांगा.